समुद्रातली चोरी, रस्त्यावरची पकड

या महिन्याच्या पत्रांमध्ये एक विषय पुन्हा पुन्हा आला. कुणी ‘व्हेलच्या उलटी’बद्दल विचारलं आहे, कुणी मुशीबद्दल, कुणी घरात टांगलेल्या इंद्रजालाबद्दल. पत्रं वेगवेगळी असली तरी धागा एकच आहे. समुद्रातल्या मौल्यवान जिवांची चोरटी शिकार आणि विक्री करणाऱ्या टोळ्या कशा चालतात आणि त्यांना आवर कसा घालायचा, हा तो धागा. म्हणून हे सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : पनवेल परिसरात ‘व्हेल माशाची उलटी’ पकडली, कोट्यवधींचा माल जप्त, अशा बातम्या मधूनमधून वाचतो. देवमाशाने स्वतःहून टाकलेली वस्तू वाहत किनाऱ्याला लागली आणि ती कुणी उचलली, तर त्यात शिकार कुठे झाली? मग तुरुंग कशासाठी?
— एक वाचक, नवीन पनवेल

उत्तर : शंका रास्त आहे आणि अनेकांच्या मनात आहे. आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. तिचं नाव अंबरग्रीस. अत्तराच्या व्यापारात नुसतं ‘अंबर’. ती स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात तयार होते. आपण देवमासा म्हणत असलो तरी हा मासा नव्हे; पिल्लाला दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. त्याचं मुख्य खाणं म्हणजे माकूल. माकुलाची चोच टणक असते, ती पचत नाही. आतड्याला टोचणाऱ्या या चोचींभोवती मेणासारखा पदार्थ साचत जातो, तोच अंबरग्रीस. शंभरातल्या जेमतेम एक ते पाच स्पर्म व्हेलमध्ये तो सापडतो. तो तोंडावाटे नव्हे, तर विष्ठेबरोबर किंवा प्राणी मेल्यावर बाहेर येत असावा, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे ‘उलटी’ हे नावही तसं चुकीचंच. समुद्रात वर्षानुवर्षं तरंगून त्याला गोडसर, मातकट वास येतो आणि अत्तराचा सुगंध त्यामुळे टिकतो. आज अत्तर उद्योगाचं त्यावाचून काही अडत नाही. क्लॅरी सेज नावाच्या वनस्पतीपासून त्याचा पर्याय १९५०च्या दशकापासून तयार होतो आहे.

आता कायदा. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये प्राण्याच्या प्रक्रिया न केलेल्या अवशेषांची जी व्याख्या आहे, तिच्यात कस्तुरीबरोबर अंबरग्रीसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. स्पर्म व्हेलसारख्या संरक्षित प्राण्याचे असे अवशेष सरकारची मालमत्ता ठरतात. कलम ३९ सांगतं की अशी वस्तू कोणत्याही मार्गाने हाती आली, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायला हवं. म्हणजे वाळूत पडलेला गोळा दिसणं हा गुन्हा नाही. तो लपवणं, बाळगणं आणि गिऱ्हाईक शोधणं हा गुन्हा आहे.

कायदा इतका कडक का? कारण हातातला गोळा वाळूत सापडला की मारलेल्या देवमाशाचं पोट फाडून काढला, हे त्या गोळ्याकडे पाहून सांगता येत नाही. ‘सापडलेला’ माल विकायला मोकळीक दिली की मारून काढलेला मालही त्याच दाराने बाहेर पडेल. जंगलातल्या वस्तूंना आपण हाच न्याय लावतो. हत्ती म्हातारपणाने मेला तरी त्याचा सुळा बाजारात विकता येत नाही. स्पर्म व्हेलची तर माणसाने शतकानुशतकं तेलासाठी आणि अंबरासाठी कत्तल केली. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने व्यापारी शिकारीवर बंदी आणायचा निर्णय १९८२ मध्ये घेतला, तेव्हा कुठे ती थांबायला लागली. काही युरोपीय देशांत किनाऱ्यावर सापडलेलं अंबर विकता येतं, हे खरं आहे. भारताने मात्र ते दार पूर्ण बंद ठेवलं आहे, आणि ते बंदच राहावं असं मला ठामपणे वाटतं.

प्रश्न : पनवेलला खोल समुद्र नाही, मोठं मासेमारी बंदर नाही. आमच्याकडे गाढी नदी आणि खाडी. मग असला माल इकडे कसा येतो?
— एक वाचक, कळंबोली

उत्तर : पनवेलचा नकाशा समोर धरा, उत्तर त्यातच आहे. कोकण किनाऱ्याने कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलला सुरू होतो. पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग कळंबोलीतून निघतो. कोकण रेल्वेच्या गाड्या पनवेलवरून जातात. आणि जवळच न्हावाशेवा. १९८९ मध्ये सुरू झालेलं हे बंदर आज देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून, पुण्याकडून, गुजरातकडून येणारे रस्ते पनवेलच्या आसपास एकमेकांना मिळतात. चांगला व्यापार इथून जातो, त्याच वाटेने चोरटाही जातो.

समुद्रातल्या चोरीची साखळी साधारण अशी असते. पहिली कडी होडीवर. दुसरी किनाऱ्यावरचा दलाल, जो दहा ठिकाणचा थोडा थोडा माल गोळा करतो. तिसरी कडी म्हणजे गोदाम. तिथे माल वाळतो, निवडला जातो आणि त्याचं नाव बदलतं. चौथी कडी निर्यातीची कागदपत्रं आणि कंटेनर. पाचवी, परदेशातला खरेदीदार. होडीवरच्या माणसाच्या हाती सर्वांत कमी पैसे येतात आणि पकडला जातो तोही बहुधा तोच.

सप्टेंबर २०१८ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईत शिवडीच्या गोदामातून आणि गुजरातेत वेरावळहून मिळून सुमारे ८,००० किलो शार्कचे पर पकडले. माल चीन आणि हाँगकाँगकडे जायचा होता. कागदावर मात्र लिहिलं होतं वाळवलेली पाकटाची कातडी, वाळवलेली सागरी उत्पादनं. २०२४ मध्ये याच संचालनालयाने न्हावाशेव्याला मोराची सुमारे २८ लाख पिसं पकडली. ती काथ्याची पायपुसणी म्हणून निघाली होती. मोर समुद्रातला नाही, पण युक्ती तीच. अथांग पाण्यात एकेका होडीच्या मागे धावणं कुठल्याही गस्ती नौकेला जमणारं नाही. माल मात्र कधी ना कधी जमिनीवर येतो, गोदामात थांबतो, फाटकातून आत जातो. समुद्रातली चोरी जमिनीवरच पकडावी लागते. म्हणूनच पनवेलसारखी गावं या लढ्यात फार मोलाची आहेत.

प्रश्न : आम्ही मुशी पिढ्यानपिढ्या खात आलो. बाळंतिणीला सुद्धा देतो. आता शार्क म्हटलं की गुन्हा असं ऐकतो. आम्ही खाणारे आणि धरणारे गुन्हेगार आहोत का?
— एक कोळीण, उरण

उत्तर : नाही, ताई. तुमच्या टोपलीतली लहान मुशी आणि वर सांगितलेले आठ हजार किलो पर, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

भारतात सगळ्या मुशी बंद नाहीत. २००१ मध्ये शार्क, पाकट आणि त्यांच्या नात्यातल्या दहा जातींना कायद्याचं सर्वोच्च संरक्षण मिळालं. त्यांत व्हेल शार्क आहे, करवतीसारखं तोंड असलेल्या करवत माशाच्या जाती आहेत, गंगेतला शार्क आहे. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याच्या अनुसूची नव्याने मांडल्या, ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सर्वोच्च संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला आता ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. याशिवाय दोन नियम ध्यानात ठेवायचे. २०१३ पासून मुशी किनाऱ्यावर आणायची तर परासकट, अख्खी आणायची. आणि २०१५ पासून कोणत्याही जातीच्या शार्कचे पर देशाबाहेर पाठवायला बंदी आहे.

अख्खी आणायची, हा नियम का झाला? कारण पराच्या सुपाला पूर्व आशियात मोठी किंमत मिळते आणि मांसाला त्या मानाने फार थोडी. मग पर कापून धड पाण्यात टाकून द्यायचं, अशी पद्धत जगभर पडली. पर कापलेली मुशी पोहू शकत नाही. ती जिवंतपणी तळाला जाते आणि तिथे मरते. आपल्या कोळीवाड्यात मुशीचा कण वाया जात नाही. मांस रोजच्या कालवणात जातं, उरलेलं वाळतं. पराच्या धंद्यात मात्र बाकीचा मासा फेकून दिला जातो.

दुसरं कारण मुशीच्या स्वभावात आहे. बांगडा किंवा तारली हजारांनी अंडी घालते. मुशी वयात यायलाच बरीच वर्षं घेते आणि पिल्लं मोजकी देते. अनेक जाती तर थेट जिवंत पिल्लं देतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने वर्षाला सुमारे १० कोटी शार्क मारले जात असल्याचा अंदाज दिला. इतकी भर मुशीच्या पिढ्यांना घालता येत नाही. समुद्रात मुशी टिकली तर ती तुमच्याच टोपलीत येणार आहे. पराचा तस्कर तुमचा व्यापारी नाही, तो तुमच्या नातवंडांच्या वाट्याचं नेणारा माणूस आहे.

प्रश्न : घोळ माशाचा भोत सोन्याच्या भावाने जातो म्हणतात. तो विकणं चालतं, मग अंबर का चालत नाही?
— एक विद्यार्थी, अलिबाग

उत्तर : कारण घोळ संरक्षित प्राण्यांच्या यादीत नाही. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यामुळे तो पाण्यात वर-खाली होतो. आपल्याकडे तिला भोत म्हणतात. घोळ आणि दाढा या माशांच्या भोताला सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँगकडे मागणी असते. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या एका होडीला एकाच फेरीत १५७ घोळ मिळाले आणि ते १ कोटी ३३ लाखांना गेल्याची बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली. त्या कुटुंबाची कमाई कष्टाची आणि पूर्ण कायदेशीर होती.

पण मला या बातमीने आनंदाबरोबर काळजीही वाटली. मेक्सिकोत कॅलिफोर्नियाच्या आखातात टोटोआबा नावाचा मासा आहे. तो घोळीच्याच कुळातला. त्याच्याही भोतावर चीनच्या बाजाराची नजर पडली. मासा इतका कमी झाला की १९७५ मध्ये त्याची मासेमारी बंद करावी लागली. बंदी आली तशी किंमत वाढली, किंमत वाढली तशा टोळ्या आल्या. त्यांनी लावलेल्या जाळ्यांत व्हाकिटा नावाचा लहानसा सागरी सस्तन प्राणी गुदमरून मरत गेला. आज जगात व्हाकिटा दहाच्या आसपास उरले आहेत, आणि त्यांना तर कुणी विचारतही नव्हतं. मोल एका माशाचं, नाश दुसऱ्याचा.

घोळीवर अशी वेळ येऊ द्यायची नसेल तर मासा विपुल असतानाच शिस्त हवी. अंड्यावर आलेला मासा सोडणं, लहान मासा न धरणं, १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी मनापासून पाळणं, हे सगळं त्यात आलं. बंदी घालावी लागण्याआधी सांभाळलं, तर चोरांची टोळी जन्मालाच येत नाही.

प्रश्न : आमच्या देवघरात ‘इंद्रजाल’ चौकटीत लावलेलं आहे. दुकानदार म्हणाला, दुर्मीळ झाडाची मुळी आहे, घरात लक्ष्मी राहते. याचाही या विषयाशी संबंध आहे का?
— एक गृहिणी, खारघर

उत्तर : सरळ संबंध आहे. इंद्रजाल म्हणून जे विकलं जातं ते झाड नाही, मुळी नाही. ते समुद्रतळाशी पंख्यासारखं वाढणारं प्रवाळ आहे, म्हणजे हजारो इवल्या प्राण्यांनी मिळून उभारलेलं घर. वर्षाला काही मिलिमीटर किंवा थोडे सेंटिमीटर वाढणारा असा पंखा हातभर व्हायला दशकं जातात. काळी प्रवाळं आणि समुद्रपंखे २००१ पासून कायद्याने संरक्षित आहेत. ते तळातून ओरबाडून, वाळवून, चौकटीत बसवून विकले जातात, इंटरनेटवरही.

घरातली श्रद्धा मी समजू शकतो. पण ज्या वस्तूसाठी जिवंत प्राण्यांचं गाव उपटलं गेलं, तिने घराचं भलं व्हावं असं आपल्या कुठल्याच संस्कारात बसत नाही. ती पुढे कुणाला देऊ नका, विकू तर मुळीच नका. वन विभागाला कळवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे करा. आणि ओळखीच्या चार घरांत सांगा. मागणी आटली की ही साखळी शेवटच्या टोकापासून तुटत येते.

प्रश्न : वाळलेल्या पराच्या तुकड्यावरून तो कुठल्या माशाचा हे तपासणाऱ्यांना कसं कळतं? आणि नुसता माल पकडून टोळी मोडते का?
— एक निवृत्त पोलीस कर्मचारी, पनवेल

उत्तर : तुमच्या अनुभवातून आलेला प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. वाळलेला पर नुसत्या डोळ्यांनी ओळखणं तज्ज्ञालाही अवघड जातं. पण चिमूटभर पेशींतही त्या जातीची खूण असते. ठराविक जनुकाचा भाग वाचून नोंदींशी ताडून पाहिला की जात कळते. हैदराबादचं पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र (सीसीएमबी), देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था अशा ठिकाणी हे काम चालतं. अंबरग्रीसच्या नावाने पकडलेला गोळा कधी नुसतं मेण निघतो, तेही प्रयोगशाळाच सांगते. आरोपपत्रात जातीचं नाव पक्कं नसेल, तर खटला पहिल्याच पायरीवर अडखळतो.

नुसता माल पकडून टोळी मोडत नाही, तुमची शंका बरोबर आहे. टोळी मोडते ती पैशाच्या मागावर गेल्यावर. वन्यजीव कायद्यातले गंभीर गुन्हे मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत येतात, म्हणजे त्यातून आलेली मालमत्ताही जप्त होऊ शकते. देशपातळीवर २००७ मध्ये स्थापन झालेला वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभाग, सीमाशुल्क, महसूल गुप्तचर, वन विभाग, पोलीस आणि तटरक्षक दल या सगळ्यांची माहिती एका टेबलावर आली पाहिजे. एकाच्या हातात गोदाम, दुसऱ्याच्या हातात कंटेनर, तिसऱ्याच्या हातात बँकेचे व्यवहार, असं राहिलं तर गाडीचा चालक तेवढा तुरुंगात जातो.

लक्षद्वीपचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. तिथे समुद्री काकडी (समुद्रतळावरचा एक प्राणी) चोरून वाळवली जाई. आपल्याकडे ती २००१ पासून संरक्षित आहे, शेजारच्या श्रीलंकेत मात्र परवाना घेऊन धरता येते, त्यामुळे इकडचा माल तिकडचा म्हणून खपवता येतो. २०२० मध्ये लक्षद्वीपला मोठे साठे पकडल्यावर प्रशासनाने खास कृती दल नेमलं, निर्जन बेटांवर चौक्या उभारल्या, चेरियापाणी येथे समुद्री काकडीसाठी राखीव क्षेत्र जाहीर केलं आणि तपास केंद्रीय यंत्रणेपर्यंत नेला. पहारा, राखीव जागा आणि तपास या तिन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या, म्हणून त्याला अर्थ आला.

प्रश्न : जाळ्यात चुकून व्हेल शार्क किंवा कासव आलं तर गरीब कोळ्याने काय करायचं? जाळं कापलं तर हजारोंचं नुकसान, न कापलं तर गुन्हा.
— एक होडीमालक, मोरा

उत्तर : दादा, खऱ्या अर्थाने लढाई इथेच जिंकता येते. ज्याच्या जाळ्यात प्राणी येतो, त्याला तो सोडणं परवडलं पाहिजे. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये यासाठी योजना आणली. संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मत्स्यव्यवसाय विभाग आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष मिळून ती राबवतात. प्राणी सोडतानाचे फोटो किंवा मोबाइलवरची चित्रफीत पुरावा म्हणून लागते. होडीवरच्या प्रत्येक तरुणाला हे माहीत हवं.

गुजरातमध्ये वेरावळच्या किनाऱ्यावर एके काळी व्हेल शार्कची सर्रास शिकार होई. २००४ मध्ये तिथे मोहीम सुरू झाली तेव्हा रामकथाकार मोरारी बापूंनी लोकांना सांगितलं, ही तर बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. तिचं नाव ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, पडलं. ज्यांनी शिकार केली होती त्यांनीच नंतर जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. अंडी जिथून चोरीला जात, तिथे आज लोक दुरून कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला येतात आणि गावाला त्यातून चार पैसे मिळतात. कायद्याचा धाक लागतोच, पण गावाने आपलं म्हटलं की राखण रात्रंदिवस होते.

प्रश्न : आमच्यासारख्या नोकरदार माणसांनी यात काय करायचं?
— एक वाचक, कामोठे

उत्तर : चार गोष्टी, आणि चारही आजपासून करता येतील. अंबर, पर, इंद्रजाल, समुद्री घोडा, कासवाची पाठ यांपैकी काहीही विकत घेऊ नका, कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. ‘गिऱ्हाईक शोधून दे, टक्का देतो’ असं सांगणारा मित्र भेटला तर त्याला तिथेच थांबवा. अशा व्यवहारांत मधला माणूस हमखास अडकतो. तुम्ही वाहतूक, गोदाम किंवा निर्यातीच्या कागदपत्रांच्या कामात असाल, आणि पनवेल-उरण पट्ट्यात अशी हजारो माणसं आहेत, तर कागदावरचं नाव आणि पेटीतला माल जुळत नसल्याचं दिसताच वरिष्ठांना आणि यंत्रणेला कळवा. आणि किनाऱ्यावर काही संशयास्पद दिसलं, एखादा प्राणी अडकलेला दिसला, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा पोलिसांना ११२ वर फोन करा. ठिकाण नीट सांगा, फोटो काढून ठेवा, वस्तूला हात लावू नका.

महाराष्ट्राला शेकडो किलोमीटरचा किनारा आहे आणि त्यावर प्रत्येक पावलाला पहारेकरी उभा करणं कुठल्याही सरकारला शक्य नाही. पण या किनाऱ्यावरून निघालेला चोरीचा माल आपल्या रस्त्यावरून, आपल्या नाक्यावरून, आपल्या गोदामाच्या दारातून जातो. पनवेलकरांनो, त्या दारात तुम्ही उभे आहात. डोळे उघडे ठेवा आणि दिसलं तर बोला.